एका कानाने गेम ऐकताना: मोनो, मिश्रण आणि मिनिमॅप

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय १९. डावा कान पाचवीत असताना गालगुंडात गेला, उजवा उत्तम. फोनवर बीजीएमआय, घरच्या पीसीवर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, सगळे गोळीबाराचे ऑनलाइन गेम. हेडफोन लावले की डावीकडून येणारा शत्रू अंगावर येईपर्यंत कळत नाही. मोनो केलं (म्हणजे डावा-उजवा आवाज एक करून दोन्हीकडे सारखा दिला) की सगळं ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. कॉलेजच्या संघात नाव घातलं आहे. आठ हजारांचा ७.१ हेडसेट घेतला तर फरक पडेल का?

नाही पडणार. मी श्रवणतज्ज्ञ आहे. एका कानाने ऐकणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात आणि गेमचा विषय हमखास निघतो. ७.१ म्हणजे आठ स्पीकर, पण असं छापलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात, डाव्या कपात एक आणि उजव्यात एक. बाकीचे सहा सॉफ्टवेअरने भासवलेले. दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजांत बारीक फरक पेरून ते मेंदूला 'मागून आला', 'बाजूने आला' असं वाटायला लावतं. हा भास व्हायला दोन्ही कान लागतात. तुमच्या बाबतीत तर या सोयीने तोटाच होतो, तो कसा ते पुढे येईल.

आधी दिशा कशी कळते ते बघू, म्हणजे कुठली सेटिंग कशासाठी आहे हे पाठ करावं लागणार नाही. आवाज बरोबर डावीकडून आला तर तो डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्यात साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा. मेंदू एवढासा फरकही टिपतो. जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांची दिशा मुख्यतः या वेळेच्या फरकावरून कळते. वरच्या पट्टीच्या आवाजांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात ते बरेच हळू पोचतात, काही वेळा २० डेसिबलपर्यंत. या दोन्ही खुणा तुलनेच्या आहेत आणि एक कान गेला की तुलनाच संपते.

तिसरी खूण मात्र एकट्या कानाचीही असते. कानाच्या पाळीच्या वळ्या-खळग्यांमुळे वरच्या पट्टीतल्या आवाजाचा पोत दिशेनुसार थोडा बदलतो. लहानपणीच एक कान गेलेली माणसं ही खूण आणि मान वळवण्याची सवय यांच्या जोरावर रस्त्यावर बऱ्यापैकी निभावून नेतात. तुम्हीही नेत असाल. पण हेडफोन घातला की आवाज थेट कानात येतो, पाळीचं काम उरत नाही आणि मान वळवली तरी हेडफोन बरोबर वळतो. म्हणून रस्त्यावर जेवढी अडचण वाटत नाही त्याहून जास्त गेममध्ये वाटते. तुमचं लक्ष कमी पडतं, सराव कमी आहे असं मित्र म्हणत असतील तर ते खरं नाही.

सेटिंगकडे वळण्याआधी एक चौकशी करायला हवी. 'कान गेला' म्हणजे नेमकं काय गेलं? गालगुंडात बहुधा आतला कान, म्हणजे कॉक्लिया, कायमचा निकामी होतो आणि तोही एकाच बाजूचा. (आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती खासगी डॉक्टरांकडे एमएमआर म्हणून मिळते. घरात लहान भावंडं असतील तर आईवडिलांना सांगा.) पण काहींचा पडदा फाटलेला असतो, मधल्या कानात जुना आजार असतो किंवा जन्मतः कानाची नळीच बंद असते. अशांचा आतला कान जिवंत असू शकतो आणि त्यांच्यासाठी उत्तर वेगळं असतं. हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही प्रकारे ऐकण्याची तपासणी (ऑडिओमेट्री) केलेला कागद, म्हणजे ऑडिओग्राम, तुमच्याकडे नसेल तर करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, शिवाय बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. पुढचं सगळं मी डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही असं धरून सांगते आहे.

पहिली पायरी मोनोच. स्टीरिओमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असतो तेव्हा, डाव्या चॅनलचा जो आवाज आहे तो तुमच्यासाठी नसल्यातच जमा. दिशा कळणं दूर, माणूस आला हेच कळत नाही. आधी काहीही निसटू नये, दिशेचं नंतर बघू. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, तिथे मोनो ऑडिओ. अँड्रॉइडवरही ॲक्सेसिबिलिटीतच आहे, फक्त कंपनीगणिक नाव थोडं बदलतं. सॅमसंगमध्ये हिअरिंग एन्हान्समेंट्सखाली सापडेल. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या ऑडिओ अँड व्हिज्युअलमध्ये. एक्सबॉक्सवर सोय आहे, प्लेस्टेशन ५ वर हेडफोनसाठीचा मोनो मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये आला. तिथेच शेजारी डावी-उजवी बॅलन्सची पट्टी असते. नुसती ती उजवीकडे सरकवून भागेल असं अनेकांना वाटतं. तिने डावा आवाज उजव्या कानात येत नाही, डावा फक्त बंद होतो. बंदच आहे तो आधीपासून.

आता इथे एक खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. मोनो सुरू करताना त्रिमितीय आवाजाच्या सगळ्या सोयी आधी बंद करा: व्हॅलोरंटमधला एचआरटीएफ, विंडोज सोनिक किंवा डॉल्बी ॲटमॉस, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधला व्हर्च्युअल सराउंड, फोनमधलं 'थ्रीडी', 'इमर्सिव्ह' जे काही असेल ते. कारण असं. या सोयी डाव्या-उजव्या चॅनलमध्ये मुद्दाम वेळेचा फरक घालतात. असे दोन चॅनल एकत्र केले की तोच आवाज स्वतःच्याच उशिरा आलेल्या नकलेत मिसळतो. फरक अर्धा मिलिसेकंद असेल तर १००० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट पडतात आणि तिथला आवाज दबतो. तसंच ३००० ला, ५००० ला. पावलांचा, रीलोडचा, हातबॉम्बची पिन काढल्याचा ओळखू येण्याजोगा भाग याच पट्ट्यात असतो. आवाज येतो, पण डब्यातून आल्यासारखा, आणि शत्रू हलला की डब्याचा आकार बदलल्यासारखा. 'मोनोमध्ये सगळं घाण वाटतं' अशी तक्रार घेऊन आलेल्यांचा सराउंड बंद केला की बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते. साध्या स्टीरिओत गेम बहुधा फक्त आवाजाची पातळी डावी-उजवी कमी-जास्त करतो, वेळ बदलत नाही, म्हणून त्याची बेरीज स्वच्छ होते.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये 'एल/आर आयसोलेशन' नावाची पट्टी आहे. ती जितकी जास्त, तितका डावा आवाज फक्त डाव्या कानापुरता. तुम्ही ती शून्याकडे ठेवा. त्याने पुरता मोनो होत नाही, पण डावीकडचं थोडं उजवीकडे झिरपतं.

मोनोचा तोटा तुम्ही स्वतःच लिहिला आहे: दिशा शून्य. यावर 'मग डोळ्यांनी खेळा' एवढंच सांगून बरेच जण थांबतात. पीसीवर मात्र यापुढे एक पायरी आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची.

दोन्ही चॅनल सारखे मिसळायचे नाहीत, ओळखता येतील असे मिसळायचे. इक्वलायझर एपीओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजमध्ये आवाज बाहेर पडण्याआधी त्याच्यावर काम करतं. 'पीस' नावाची त्याची बटणांची खिडकी वेगळी मिळते, ती घेतली की फाइलमध्ये सूत्रं लिहावी लागत नाहीत. उजव्या चॅनलमध्ये मूळ उजवा ०.६५ आणि डावा ०.३५ घाला, डावा चॅनल रिकामा करा. दोघांची बेरीज एक होते, त्यामुळे समोरचा आवाज, जो दोन्ही चॅनलमध्ये सारखा असतो, पूर्वीइतकाच राहतो आणि फाटत नाही. पूर्ण उजवीकडचा आणि पूर्ण डावीकडचा आवाज यांत साधारण साडेपाच डेसिबलचा फरक पडतो. तो जाणवण्याइतका आहे, पण डावीकडची पावलं बुडवण्याइतका नाही. ०.७ आणि ०.३ घेतलं तर फरक सव्वासात डेसिबलच्या वर जातो. शांत नकाशात ते चालेल, गोळीबाराच्या गदारोळात डावी बाजू हरवेल. हे करताना विंडोजचा मोनो बंद ठेवायचा, नाहीतर केलेला हिशोब तो पुसून टाकतो.

नुसत्या पातळीच्या फरकात एक घोळ उरतो. गेममध्ये अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे 'डावीकडे जवळ' आणि 'उजवीकडे दुप्पट लांब' हे कानाला जवळजवळ सारखेच वाटणार. म्हणून डाव्या चॅनलचा पोतही बदलायचा. सहज सुचणारी गोष्ट म्हणजे डाव्याची वरची पट्टी कापून तो दबका करणं. खरं डोकंही तेच करतं, पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. गेममध्ये मात्र दबका आवाज म्हणजे भिंतीपलीकडचा आवाज, हे तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे आणि गेम तेच गृहीत धरून बनवलेले आहेत. डावीकडचा प्रत्येक जण भिंतीमागे वाटू लागेल. त्यापेक्षा उलट करा. डाव्याची खालची पट्टी हलकी करा: ४०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फ फिल्टर लावून ८ ते १० डेसिबल उतरवा, आणि ते मिसळण्याच्या आधी. डावीकडची पावलं मग किंचित पातळ, फोनवर ऐकल्यासारखी येतात. भिंत, अंतर किंवा पाण्यातून चालणं यांपैकी कशाशीच हा पोत जुळत नाही, त्यामुळे मेंदूला तो 'डावीकडचा' म्हणून वेगळा बाजूला ठेवता येतो. एकदम सरळ कापणारा फिल्टर लावू नका, डाव्या पावलांचा सगळा दम जाईल.

सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला रँकचे (क्रमवारीचे) सामने खेळू नका. रिकाम्या कस्टम लॉबीत (फक्त ओळखीच्यांसाठी उघडलेल्या खासगी सामन्यात) मित्राला तुमच्याभोवती फिरायला सांगा, डोळे मिटा आणि 'डावीकडे', 'उजवीकडे' म्हणत राहा. चुकलं की डोळे उघडून बघा. कंटाळवाणं आहे, पण हा पोत मेंदूत बसवायला दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आणि वळून ऐका. हे तंत्र दोन कानवाल्यांना फारसं लागत नाही म्हणून ते शिकवलंही जात नाही. आवाज आला की माउसने वीस-तीस अंश डावीकडे आणि परत उजवीकडे नजर झाडा. असमान मिश्रणात शत्रू उजव्या बाजूला गेला की पावलं भरीव होतात, डाव्या बाजूला गेला की पातळ. जिथे पोत बदलतो त्या रेषेवर तो आहे. त्या रेषेवर माणूस समोरही असू शकतो आणि पाठीमागेही, मग कोणत्या बाजूला वळल्यावर तो भरीव झाला हे लक्षात घ्यायचं: डावीकडे वळल्यावर समोरचा माणूस तुमच्या उजवीकडे जातो, पाठीमागचा डावीकडे. पुरत्या मोनोत हे होत नाही, कारण तिथे वळून काहीच बदलत नाही. म्हणूनच ०.६५-०.३५ चा एवढा खटाटोप.

फोनवर एवढं करता येत नाही. काही ॲप तसा दावा करतात, पण गेमचा आवाज त्यांच्या हाती लागेलच असं नाही आणि लागला तरी उशीर वाढतो. फोनवर मोनो करा आणि दिशा डोळ्यांकडे सोपवा. बीजीएमआयमध्ये याची सोय बरी आहे. मिनिमॅपवर, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, पावलांच्या, गोळीबाराच्या आणि गाडीच्या खुणा उमटतात. सेटिंगमध्ये मिनिमॅप शक्य तितका मोठा करा आणि नजरेच्या सहज टप्प्यात येईल असा ठेवा. कान तुम्हाला 'कोणीतरी आहे' एवढं सांगेल, त्या क्षणी नजर मिनिमॅपवर गेली पाहिजे. खूण थोडाच वेळ टिकते. घराच्या वरच्या मजल्यावर की खालच्या, हे ती नीट सांगत नाही, तिथे जिन्याच्या पायऱ्यांचा आवाज ओळखायला शिकणंच बरं.

इतर गेममध्ये काय आहे ते पटकन सांगते. फोर्टनाइटमध्ये 'व्हिज्युअलाइज साउंड इफेक्ट्स' सुरू केलं की पात्राभोवतीच्या वर्तुळावर पावलं, गोळीबार, पेटी यांच्या खुणा दिशेसकट येतात. माझ्या मते ऑनलाइन मारामारीच्या गेममधली ही सगळ्यात सरळ सोय आहे आणि ती चालू केल्याबद्दल कोणी चीटर म्हणत नाही, कारण ती सगळ्यांना उघडी आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१६ पासून आवाजांची सबटायटल्स आहेत: 'झोंबी गुरगुरतो' आणि बाजूला तो कुठे आहे ते दाखवणारा बाण. द लास्ट ऑफ अस पार्ट टू हा २०२० चा गेम तर साठाहून जास्त सुलभता सेटिंग्ज घेऊन आला. त्यात शत्रूचं तुमच्याकडे लक्ष जातंय हे खुणेने दिसतं. एकट्याने खेळायच्या गेमला सुरुवात करायची असेल तर तिथून करा.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये असं काही नाही. तिथल्या मिनिमॅपवर (रडारवर) दिसणारं वर्तुळ तुमचा स्वतःचा आवाज किती लांब जातो ते दाखवतं, शत्रूचा नाही. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर स्क्रीनवर आवाजाचं रडार काढून देतो म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. गेमच्या चीटविरोधी यंत्रणेला तुमचा ऑडिओग्राम माहीत नसतो, खातं बंद झालं की ते परत मिळेलच असं नाही. इक्वलायझर एपीओ वेगळं आहे, ते विंडोजच्या आवाजाच्या मार्गात बसतं, गेमला हात लावत नाही आणि स्क्रीनवर काही काढत नाही.

या दोन गेममध्ये मग जागेचा विचार करावा लागतो. वर्गात किंवा हॉटेलात तुम्ही नकळत भिंत डाव्या हाताला येईल अशी जागा धरत असाल, सगळी माणसं उजवीकडे. गेममध्येही तेच करा. कोपरा धरताना बहिऱ्या बाजूला भिंत घ्या. एकाच तोंडाची साइट (संघाने राखायची जागा) धरणं, जोडीदाराच्या उजवीकडे न राहता डावीकडे राहणं (म्हणजे तो तुमच्या ऐकू येणाऱ्या बाजूला आणि तुमची डावी बाजू भिंतीला), एकट्याने मागे रेंगाळणारी लर्करची भूमिका टाळणं, या निवडी कुठल्याही हेडसेटहून जास्त राउंड वाचवतात. आपल्याकडे सगळ्यांनाच एंट्री मारायची, म्हणजे सगळ्यात आधी आत घुसायचं, असते. तुम्ही अँकर व्हा म्हटलं तर पोरांची तोंडं पडतात, पण साइट शांतपणे धरणारा गडी संघाला हवाच असतो.

आता बोलण्याचा आवाज. दोन कानांनी ऐकणाऱ्याला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला दिशेची मदत होते: मित्र डोक्याच्या मध्यभागी बोलतोय, पावलं बाजूला आहेत, म्हणून दोन्ही ऐकू येतात. तुमच्याकडे सगळं एकाच नळातून येतं. चौघांच्या स्क्वाडमध्ये दोघं जण एका वेळी ओरडले की पावलं संपली. व्हॉइस चॅट गेमच्या आवाजापेक्षा स्पष्ट खाली ठेवा. डिस्कॉर्डमध्ये प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, ज्याचा माइक घराच्या पंख्यासकट वाजतो त्याला तिथेच आवरा. मिठाईवाल्याच्या दुकानातल्यासारखे सगळे एकदम बोलतात तेव्हा काय होतं ते मित्रांना एकदा नीट सांगा. बहुतेक मुलं समजूतदार असतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मित्रांकडून आणखी एक मागून घ्या: 'इकडे आहे', 'डावीकडे आहे' असा कॉल नको, आकडा हवा. बीजीएमआयमध्ये स्क्रीनच्या वर होकायंत्राचे अंश असतात. '२४० ला दोघं, झाडामागे' हा कॉल ऐकायला एक कान पुरतो. व्हॅलोरंटमध्ये जागांची ठरलेली नावं आणि पिंग (नकाशावर टाकलेली खूण). संघात एकजण दुसऱ्याचा डावा कान झाला तर त्यात कमीपणा काही नाही, स्नायपर घेणाऱ्याला कोणीतरी जवळचं बघून देतोच की.

वस्तूंबद्दल. तुमच्या आठ हजारांतले बरेचसे वाचतील. साधा, आरामदायी, तारेचा स्टीरिओ हेडफोन पुरे. डाव्या कपाकडे दुर्लक्ष करा, तो डोक्यावर तोल सांभाळतो. उजवा कप दमट होऊन कान दुखत असेल तर मागून उघडा असलेला हेडफोन बघा. घरात बाकी कोणी नसेल तर सरळ स्पीकरवर खेळा: दोन्ही स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंत पोचतो आणि मानही वळवता येते. ब्लूटूथमध्ये उशीर असतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज, आणि माइक सुरू झाला की आवाज अनेकदा फोनकॉलच्या दर्जावर उतरतो. बिनतारी बड वापरायचेच असतील तर उजवा एकटा घालून डावी-उजवी चाचणीचा एखादा व्हिडिओ लावा. काही बड एकटे असताना आपोआप दोन्ही चॅनल मिसळतात, काही नुसता उजवाच देतात.

बाजारात वीस-तीस रुपयांचा 'स्टीरिओ टू मोनो' कनेक्टर मिळतो, तो घेऊ नका. अशा कनेक्टरमध्ये कधी दोन्ही तारा सरळ एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे ॲम्प्लिफायरचे दोन आउटपुट समोरासमोर भिडतात. कधी एक चॅनल नुसता तोडलेला असतो. सेटिंगमधला मोनो फुकट आहे आणि चांगला आहे.

हाडातून ऐकवणाऱ्या हेडफोनबद्दल खूप विचारणा होते. डाव्या बाजूच्या हाडाला लावलेलं कंपन कवटीतून उजव्या कॉक्लियापर्यंत फारशी घट न होता पोचतं, म्हणून डावीकडचा आवाज तुम्हाला ऐकू येईल. पण तो उजव्या कानातच ऐकू येतो, दिशा मिळत नाही. म्हणजे हा एक महागडा मोनो झाला, कान उघडा राहतो एवढा फायदा. ज्यांचा आतला कान शाबूत आहे आणि अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या भागात आहे, त्यांनी मात्र तो जरूर लावून बघावा. त्यांना कधीकधी डावी बाजू खरोखर उमगते. क्रॉस प्रकारची श्रवणयंत्रं डाव्या बाजूचा माइक उजव्या कानाला जोडतात, वर्गात, ऑफिसात कामाची आहेत. हेडफोनवर गेम खेळताना त्यांची गरज नाही, तेच काम मिश्रण करतं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१९ मध्ये मान्य केलं. दिशा काही प्रमाणात परत देऊ शकणारा उपाय आज तोच आहे. लहानपणापासून बंद असलेल्या कानात निकाल मर्यादित येतात, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय गेमसाठी घ्यायचा नसतो.

पैसे उरलेच आणि हात चालत असतील तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. कंपन देणारा छोटा एक्सायटर खुर्चीच्या डाव्या हाताला पक्का करून फक्त डाव्या चॅनलची खालची पट्टी त्याला द्यायची. आपली त्वचा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचं कंपन सगळ्यात चांगलं ओळखते आणि पावलांचा धप् आवाज तिथपर्यंत येतो. डावीकडे कोणी धावलं की कोपराला कळतं. दोन आउटपुटना वेगळा आवाज पाठवायला व्हॉइसमीटरसारखं सॉफ्टवेअर लागेल. संगीत आणि स्फोटांनी खुर्ची सतत थरथरत राहते, म्हणून गेममधलं संगीत शून्यावर. संगीत तसंही शून्यावरच हवं.

आवाज किती ठेवायचा, हे मी सगळ्यात कडकपणे सांगते, कारण तुमच्याकडे सुटा भाग नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांच्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास अशी मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज चार तास खेळणारा ८९ वर असेल तर मंगळवारीच त्याचा आठवडा संपतो. मोनो करताना काही साधनं दोन्ही चॅनल निम्मे न करता नुसती जोडतात, मग मध्यभागाचा आवाज सहा डेसिबलने चढतो. मोनो सुरू केल्यावर लगेच आवाज खाली आणा. पावलं ऐकू यावीत म्हणून सगळा आवाज वाढवला की स्नायपरचा बार थेट कानात बसतो. विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' मोठे आवाज दाबतं, लहान उचलतं. कानासाठी चांगलं, पण अंतराचा अंदाज पुसतं. मी तुमच्या जागी असते तर ते लावलं असतं आणि अंतराचा अंदाज थोडा सोडून दिला असता. आयफोनमध्ये हेडफोनची पातळी डेसिबलमध्ये दिसते, ती अधूनमधून बघा.

वर्षातून एकदा उजव्या कानाची ऑडिओमेट्री. आणि उजवा कान कधी अचानक बंद झाल्यासारखा वाटला, शिट्टी सुरू झाली, तर मळ असेल म्हणून आठवडाभर वाट बघू नका. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात उपयोगी पडतात. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर.

शेवटी स्पर्धांचं, कारण कॉलेजच्या संघात नाव घातल्याचं तुम्ही लिहिलं आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मागितलं तर तुमच्याकडे ते नसेल: २०१६ च्या कायद्याची व्याख्या दोन्ही कानांच्या श्रवणदोषाची आहे, एका कानाची नाही. म्हणून आयोजकांना ऑडिओग्रामची प्रत आणि श्रवणतज्ज्ञाचं एका परिच्छेदाचं पत्र द्या. त्यात नेमकी मागणी लिहा: विंडोजचा मोनो सुरू करण्याची परवानगी. इक्वलायझर एपीओ त्यांच्या पीसीवर बसवू देतील अशी आशा धरू नका, म्हणून आठवड्यातले एक-दोन दिवस नुसत्या मोनोवरही सराव ठेवा. मागणी नोंदणीच्या वेळीच, लेखी करा. सामन्याच्या सकाळी सेटिंग उघडायला गेलात तर पंच हात धरतील आणि नियमाने ते बरोबर असतील.